तलाव उतरू लागले, पाणी गार झालं : जाळं आताच ओढायचं की होळीपर्यंत थांबायचं?

भंडारा : हलका धान घरात आला, भारी धानाची कापणी सुरू झाली, गावोगावच्या मंडईच्या तारखा ठरल्या. याच दिवसांत जिल्ह्यातल्या तलावांच्या पाळीवर आणखी एक चर्चा रंगते. पाणी उतरायला लागलं, मासा काठाला दिसत नाही, पहाटेच्या जाळ्यात पूर्वीसारखं काही येत नाही. मग मच्छीमार संस्थेच्या बैठकीत एक जण म्हणतो, आताच ओढून घ्या, मंडईत पाहुणे येतात, भाव मिळतो. दुसरा म्हणतो, थांबा, मासा अजून वाढू द्या. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण कोणाचं ऐकायचं हे बाजारावर कमी आणि आपल्या तलावात होळीच्या वेळी किती पाणी उरणार यावर जास्त ठरतं. ते समजून घ्यायचं तर दिवाळीनंतर पाण्याखाली काय बदलतं हे आधी पाहावं लागेल.

मासा गेला कुठे?

मासा कुठेच गेलेला नसतो. तो सुस्तावलेला असतो. माणसाचं अंग थंडीतही गरम राहतं, माशाचं तसं नाही. जेवढं पाणी गार तेवढं त्याचं अंग गार. कतला, रोहू आणि मृगळ या तिन्ही जातींना साधारण २५ ते ३० अंश तापमानाचं पाणी मानवतं. त्यात ते भरपूर खातात आणि भराभर वाढतात. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की खाणं कमी होतं, हालचाल मंदावते आणि वाढ जवळपास थांबते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पाणी हवेएवढं लवकर गार होत नाही, पण उथळ बोडी आणि तलावाचा काठ मात्र रातोरात थंड पडतो.

म्हणून थंडीत मासा जागा बदलतो. आपले जुने तलाव कसे बांधले आहेत हे आठवा. एका बाजूला मातीची पाळ, पाळीला लागून तुडुमाजवळ सगळ्यात खोल पाणी, आणि समोरच्या अंगाला, जिकडून पावसाचं पाणी येतं तिकडे, उथळ पसरट भाग. थंडीच्या रात्री मासा पाळीकडच्या खोल पाण्यात जाऊन बसतो. ऊन चढलं, उथळ भाग तापला की दुपारी तिकडे चरायला निघतो. पावसाळ्यात पहाटे चारला जाळं टाकणाऱ्याला भरभरून मिळतं, तोच माणूस नोव्हेंबरअखेरीस पहाटे रिकामा परततो आणि तलावात मासाच उरला नाही असं समजतो. याच तलावात सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत उथळ अंगाला फेकजाळं टाकून पाहावं. आणि लावून ठेवायचं जाळं असेल तर ते खोल आणि उथळ भागाच्या मधल्या वाटेवर, म्हणजे माशाच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर लावावं.

मरळीचं गणित वेगळं आहे. मरळ, मागूर, शिंगी हे मासे पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतात. त्यामुळे ते चिखलात, पाणवनस्पतींच्या जाळीत दडून राहतात आणि मधूनमधून वर येऊन तोंड मारून जातात. ते उमाळे दिसले की गळ टाकणाऱ्याला जागा कळते. हे ज्ञान ढिवरांच्या घरात आजही आहे, त्यासाठी कुठल्या यंत्राची गरज पडत नाही.

थंड पाण्यात प्राणवायू जास्त, तरी मासा मरतो

पाणी जेवढं गार तेवढा त्यात प्राणवायू जास्त मावतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात नऊ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात माशाला श्वास घेणं सोपं जायला हवं. बहुतेक दिवस जातंही. मग दिवाळीनंतर एखाद्या सकाळी तलावभर मासे तोंड वर करून का उभे राहतात?

कारण ढगाळ हवा. तलावातला बराचसा प्राणवायू वाऱ्याने येत नाही. पाण्यातलं हिरवं शेवाळ आणि वनस्पती उन्हात तो तयार करतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाची गाद मिळून तो खर्च करतात. रोज रात्री साठा कमी होतो, रोज दिवसा भरून निघतो. दोन-तीन दिवस ऊन पडलंच नाही, तर जमा थांबते आणि खर्च मात्र चालू राहतो. तिसऱ्या दिवशी पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, साठा तळाला गेलेला असतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी 'मोंथा' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा विदर्भातही आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस झाला. कापलेल्या धानाचं काय होणार याची काळजी सगळ्यांना होती आणि ती बरोबरच होती. पण तशा दिवसांत तलावाकडेही एक फेरी मारायला हवी, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

त्यात शिंगाड्याच्या तलावांना जास्त धोका. शिंगाडा काढून झाला की वेल आणि पानं पाण्यातच सडू दिली जातात. सडण्याच्या क्रियेला प्राणवायू लागतो आणि तो माशाच्या वाट्यातून जातो. शिवाय शिंगाड्यावरच्या किडीसाठी औषध मारलं असेल तर ते थेट पाण्यात उतरतं. आपले तलाव साखळीने बांधलेले आहेत, वरच्या तलावाखालच्या बांध्यांचं पाणी खालच्या तलावात येतं. तुडतुड्यासाठी धानावर शेवटची फवारणी झाली आणि त्यावर पाऊस पडला, तर त्या औषधाचा काही भाग खालच्या तलावात येणारच. वेल सडायच्या आधी ओढून काठावर टाकणं मेहनतीचं काम आहे, पण तेवढं केलं तरी बराच फरक पडतो. त्याचं पुढे खतही होतं.

मासे तोंड वर करून दिसले तर पहिल्या तासात काय करायचं? खाद्य, शेण, खत जे काही टाकत असाल ते लगेच बंद. बोडी लहान असेल तर डिझेल इंजिन किंवा मोटरपंप लावून त्याच तलावाचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तलावात सोडायचं. हवेतून पडताना पाणी प्राणवायू घेतं. काहीच नसेल तर चार-पाच जणांनी उतरून बांबूने पाणी बडवायचं. जुनी रीत आहे, पण चालते. ऊन वर आलं की मासे बहुधा आपोआप खाली जातात. दहा वाजेपर्यंतही गेले नाहीत, तर मात्र मोठा मासा त्याच दिवशी काढून विकलेला बरा.

अंगावर लाल चट्टे दिसले तर

थंडीच्या सुरुवातीचं दुसरं संकट म्हणजे जखमांचा रोग. आधी माशाच्या अंगावर लाल ठिपके येतात, मग खवले गळतात, जखम खोल होते आणि कधी मांस गळून हाड दिसायला लागतं. एका बुरशीमुळे हा रोग होतो. भारतात तो १९८८ च्या सुमारास ईशान्येकडून शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. पाऊस संपून पाणी गार होताना, साधारण १८ ते २२ अंशांना, त्याचा जोर असतो, कारण थंडीत माशाची रोगाशी झुंजायची ताकद कमी होते आणि बुरशीला मात्र तेच पाणी मानवतं. मरळ आणि मागूर आधी लागतात, मग मृगळ आणि रोहू.

गावात अशा वेळी दोन चुका होतात. एक, जखमी मासे काढून तिथेच पाळीवर फेकले जातात आणि पावसाने किंवा कुत्र्या-पाखरांमुळे परत पाण्यात जातात. ते पुरायला हवेत. दुसरी, एका तलावात वापरलेलं ओलं जाळं तसंच दुसऱ्या तलावात टाकलं जातं आणि रोग सोबत जातो. जाळं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवलं तर हा धोका बराच टळतो. पाण्यात चुना टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. किती टाकायचा हे मात्र तलावाचं क्षेत्र आणि पाण्याचा आंबटपणा पाहून मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारून ठरवावं, कारण एकदम जास्त चुना पडला तर तोच माशाला मारतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगासाठी 'सिफॅक्स' नावाचं औषध काढलं आहे. एक हेक्टर तलावात एक मीटर खोल पाणी असेल तर त्याला एक लिटर, असं त्याचं प्रमाण आहे. लहान बोडीत ते परवडतं. शंभर एकरांच्या तलावात नाही. तिथे लागण दिसताच विक्रीजोगा निरोगी मासा काढून दाटी कमी करणं, हाच व्यवहारी मार्ग उरतो.

आता काढायचा की थांबायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये टाकलेलं बोटुकलीएवढं बीज नोव्हेंबरात पावशेर-दीड पावाचं झालेलं असतं. थंडीचे अडीच महिने त्याची वाढ फार होत नाही. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की मासा परत खायला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये चांगला वाढतो. म्हणजे थांबण्याचा फायदा थंडीत मिळत नाही, तो थंडीनंतर मिळतो. त्या वेळी तलावात पाणी असलं तरच.

एक साधा हिशेब करून पाहा. समजा तलावात हजार मासे आहेत, प्रत्येक ३०० ग्रॅमचा. आता काढले तर ३०० किलो. थांबलात आणि एप्रिलपर्यंत ते ६०० ग्रॅमचे झाले, पण मधल्या काळात मरण, चोरी आणि बगळे-पाणकावळे यांच्यामुळे दोनशे कमी झाले, तरी ८०० माशांचे ४८० किलो होतात. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भाव जास्त. हिशेबाने थांबणंच फायद्याचं. पण हाच तलाव जानेवारीत गुडघाभर पाण्यावर आला, तर मासा वाढणार नाही, दाटीने मरेल, आणि उरलेला कोणीही हाताने धरून नेईल. मग ३०० किलोचेही १०० होतात.

म्हणून गावातली लहान बोडी, जी माघात आटते, ती मार्गशीर्षात टप्प्याटप्प्याने रिकामी करणंच बरं. एकदम एका दिवशी सगळा मासा काढला की व्यापारी भाव पाडतो. आठवड्याच्या बाजाराला धरून आणि मंडईच्या तारखा पाहून चार-पाच ओढींत काढला तर गावातच खपतो. याउलट ज्या तलावात मे महिन्यातही पुरुषभर पाणी राहतं, तिथे आता फक्त मोठ्या आसाचं जाळं वापरून गेल्या वर्षीचा मोठा मासा काढायचा आणि यंदाचं बीज सोडून द्यायचं. अडचण होते ती मधल्या तलावांची. तिथे पाणी उरेल की नाही हे पावसापेक्षा तुडूम कधी आणि किती उघडतं यावर ठरतं.

आणि इथेच शेतकरी आणि मच्छीमार समोरासमोर येतात. तलाव बांधला गेला तो धानासाठी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या भागात तलाव बांधायला सुरुवात केली, पुढे मालगुजारांच्या ताब्यात ते राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा सरकारजमा झाले. म्हणूनच आजही त्यांना माजी मालगुजारी किंवा 'मामा' तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव मोजले जातात. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तरी त्यातले शेकडो तलाव भंडाऱ्यातच आहेत. त्यांच्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा, हे मच्छीमारही नाकारत नाहीत. भारी धानाला शेवटचं पाणी, मग हरभरा, आणि ज्या गावात पाणी शिल्लक तिथे उन्हाळी धान. उन्हाळी धानाला पाणी दिलं की तलाव पार तळाला जातो. ते देऊ नये असं कोणी म्हणत नाही. पण ते देणार आहेत की नाही, हे मच्छीमार संस्थेला नोव्हेंबरात कळलं तर ती डिसेंबरातच मासा काढून मोकळी होते. फेब्रुवारीत एका सकाळी तुडूम उघडलेलं दिसलं, तर वर्षाचं बीज वाया जातं आणि ठेक्याची रक्कम भरावीच लागते.

हे आधी विचारायचं कोणाला? तलाव कोणाचा आहे त्यावर ते ठरतं. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत, काही बोड्या ग्रामपंचायतीच्या आहेत, तर चांदपूर, बघेडा, बेटेकर बोथली, सोरना यांसारखे मध्यम प्रकल्प राज्याच्या जलसंपदा विभागाकडे. मोठ्या आणि मध्यम प्रकल्पांसाठी रब्बीच्या तोंडावर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि किती पाळ्या सोडायच्या ते तिथे ठरतं. लहान तलावांचं मात्र गावातच ठरतं, बऱ्याचदा तोंडी. संस्थेने ग्रामसभेत हा विषय मांडून, किती फूट पाणी तलावात राखायचं ते ठरावात लिहून घेतलं, तर फेब्रुवारीतलं भांडण पुष्कळ कमी होतं.

वैनगंगेवर वेगळंच चित्र

तलावात पाणी उतरत असतं त्याच दिवसांत गोसेखुर्दच्या जलाशयात उलटं घडतं. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं हे धरण पवनी तालुक्यात वैनगंगेवर आहे आणि त्याची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. पावसाळ्यात पूर सोडण्यासाठी दरवाजे उघडे असतात, पावसाळा संपल्यावर ते बंद करून साठा वाढवला जातो. त्यामुळे कार्तिकात बॅकवॉटर मागे मागे पसरतं, नाल्यांच्या तोंडातून शेतांपर्यंत जातं. मासाही त्या नव्या उथळ पाण्यात पसरतो. नदीत डोह धरून मासेमारी करणाऱ्यांना आता समुद्रासारख्या पाण्यात मासा शोधावा लागतो आणि त्यासाठी लांब जाळी व चांगला डोंगा लागतो. दोन्ही खर्चिक. ज्यांची गावं आणि डोह पाण्याखाली गेले, त्यातल्या कितीतरी ढिवर कुटुंबांना हा बदल सोपा गेलेला नाही.

जलाशयाचं दुसरं दुखणं नागपुरातून येतं. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत आणि कन्हानमधून आंभोऱ्याच्या संगमाजवळ वैनगंगेत उतरतं. पूर असतो तेव्हा ते वाहून जातं. दरवाजे बंद झाले की साचतं. त्या पाण्यातल्या मैल्यावर जलपर्णी माजते, वाऱ्याबरोबर तिचे तांडे एका काठावरून दुसऱ्या काठाला जातात आणि वाटेत लावलेली जाळी फाडून नेतात. जलपर्णीच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, म्हणजे वर सांगितलेला प्राणवायूचा हिशेब तिथे कायमचा बिघडलेला असतो. अशा ठिकाणी जाळं लावण्यापेक्षा गालिच्याच्या कडेला, मोकळ्या पाण्याच्या सीमेवर लावावं. आणि संध्याकाळी लावून सकाळी काढायच्या ऐवजी दिवसा नजरेसमोर ठेवावं, म्हणजे वारा फिरला तर उचलता येतं.

धरणाच्या खाली, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत, दिवाळीनंतर नदी रेतीत अरुंद होत जाते आणि मासा डोहांत एकवटतो. चुलबंद आणि बावनथडीसारख्या लहान नद्यांवरही तेच. डोहातला मासा काढणं सोपं, म्हणून सगळेच तिथे तुटून पडतात. पण पुढच्या पावसाळ्यात नदीत अंडी घालणारी आई याच डोहात असते. एक-दोन खोल डोह गावाने ठरवून सोडून द्यायची रीत काही ठिकाणी होती, ती पुन्हा सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. धरणाखाली उतरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाणी सोडण्याचा भोंगा वाजला, तर जाळं सोडून आधी काठ गाठायचा.

कोणता मासा ठेवायचा

बरेच जण 'आई मासा राखा' म्हणून तलावात दोन-चार मोठे कतले सोडून देतात. हेतू चांगला, पण उपयोग नाही. कतला, रोहू आणि मृगळ साचलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. राखायचे असतील तर मरळ, शिंगी, मागूर आणि लहान देशी मासे राखा. हे पहिल्या पावसात तलावातच किंवा भरलेल्या बांध्यांत अंडी घालतात आणि फुकट बीज देतात. यांचा भाव कतल्यापेक्षा जास्त असतो, आणि घरातल्या लेकराबाळांच्या ताटात जातो तो याच लहान माशांचा रस्सा किंवा उन्हाळ्यात सुकसी.

देशी मासा कमी झाला याला तलावांची अवस्थाही कारण आहे. पाळीवर आणि गादीत बेशरम वाढली, आतल्या पाणवनस्पती संपल्या, अंडी चिकटवायला आणि पिल्लांना लपायला जागा उरली नाही. मनीष राजणकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांसोबत, विशेषतः बायांसोबत, शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात यावर काम केलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, जमीन नांगरून घ्यायची आणि पाऊस लागला की देशी पाणवनस्पती परत लावायच्या, अशी ती पद्धत. कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते हे सांगणारे जाणते ढिवरच होते. गाळ काढायच्या योजनेत जेसीबीने सगळा तलाव एकसारखा खोल खरडला जातो, तेव्हा नेमकी हीच उथळ, वनस्पतींची जागा नाहीशी होते. गाळ काढावाच, शेताला तो सोन्यासारखा आहे. पण समोरच्या अंगाचा उथळ पट्टा तसाच सोडायला ठेकेदाराला सांगावं लागतं, तो आपण होऊन सोडत नाही.

मंडईच्या गर्दीत मागूर म्हणून जो मोठा, काळा, स्वस्त मासा विकायला येतो तो बऱ्याचदा थाई मागूर असतो. तो पाळायला आणि विकायला देशात २००० सालापासून बंदी आहे. एकदा तलावात शिरला की तो देशी मासे आणि त्यांची पिल्लं फस्त करतो. जिवंत विकत घेऊन हौसेने तलावात सोडणं तर अजिबात नको.

विष टाकून, बार उडवून किंवा करंट लावून मासे मारण्याचे प्रकारही याच दिवसांत वाढतात, कारण पाणी कमी आणि मासा एका जागी. विष आणि स्फोटकांवर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. कीटकनाशकाने मेलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घरी आणू नये. करंटने तर मासा मरायच्या आधी माणूस मरतो.

थंडीत पहाटेच्या धुक्यात डोंगा उलटण्याची भीती असते, म्हणून एक कागद याच महिन्यात तपासून घ्यावा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत मदत मिळते. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही, पण यादीत नाव असावं लागतं. संस्थेच्या सभासद यादीत वडिलांचं नाव आणि तलावावर जातो मुलगा, असं कितीतरी घरांत आहे. तसं असेल तर मुलाचं आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन आधी संस्थेच्या सचिवाकडे आणि मग जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावं. राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवरची नोंदणी मोबाइलवरून किंवा गावच्या सेवा केंद्रातूनही होते.